प्रोसेसरवरून अँपचे चॅनेल बदलणे : मोजमापापासून रिलेच्या डबीपर्यंत

गिटारच्या इफेक्ट्स प्रोसेसरचे एक बटण दाबले की पॅच (साठवून ठेवलेली आवाजाची मांडणी) बदलावा आणि त्याच क्षणी गिटारचा अँपही क्लीन (स्वच्छ आवाजाच्या) चॅनेलवरून ड्राइव्ह (खरखरीत आवाजाच्या) चॅनेलवर जावा, अशी जोडणी करण्याचे काम बरेच दिवस मनात होते. आता ती जोडणी सरावाच्या खोलीत नीट चालू झाली आहे. पुढच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत ती रंगमंचावर न्यायची असल्यामुळे कोणती गोष्ट कशासाठी केली हे सविस्तर नोंदवून ठेवत आहे. आपल्यापैकी अनेकांकडे अशीच सामग्री आहे आणि यातला महत्त्वाचा भाग माहितीपुस्तिकेच्या एखाद्या ओळीत दडलेला असतो.

बऱ्याच मोठ्या प्रोसेसरच्या मागे अँप नियंत्रणासाठी वेगळा जॅक असतो. बाहेरून तो साध्या पी-३८ जॅकसारखाच दिसतो, पण त्यातून आवाज जात नाही. पॅचमध्ये सांगितले असेल तेव्हा तो टिप (प्लगचे टोक) आणि स्लीव्ह (प्लगचा मागचा धातूचा भाग) एकमेकांना जोडतो, म्हणजे फूटस्विच पायाने दाबल्यावर जे घडते तेच तो करतो. अडचण अँपच्या बाजूला असते. फूटस्विचच्या जॅकवर अँप स्वतः काही ना काही व्होल्टेज सोडत असतो आणि ते किती, कोणत्या प्रकारचे व कोणत्या दिशेचे असेल याचा सर्वमान्य नियम नाही. काही अँपमध्ये तिथे ५ व्होल्टचा हलका सिग्नल असतो, काहींमध्ये फूटस्विचमधला दिवा आणि आतला रिले (विजेने चालणारा स्विच) यांचा प्रवाह त्याच तारेतून जातो. फेंडरच्या हॉट रॉड डिलक्समध्ये तर एकाच मोनो केबलवरून दोन बटणांचे काम होते, कारण तिथे एसी व्होल्टेज असून डायोडच्या मदतीने त्याचे दोन अर्धे वेगळे केले जातात. काही जुन्या व्हॉल्व्ह अँपच्या व्हायब्रेटो (आवाज थरथरवणाऱ्या इफेक्टच्या) जॅकवर ग्राउंडच्या तुलनेत कित्येक दहा व्होल्ट ऋण दाब असतो. असा जॅक प्रोसेसरला थेट जोडला तर दोन्ही उपकरणांचे कायमचे नुकसान होऊ शकते.

म्हणून पहिले काम मल्टिमीटरचे. माझा अँप दोन चॅनेलचा, व्हॉल्व्हचा आहे. फूटस्विचच्या जॅकमध्ये मोनो केबल घातली, तिचे दुसरे टोक मोकळे ठेवले आणि मगच अँप चालू केला. टिप आणि स्लीव्ह यांच्यामध्ये डीसी व्होल्टेज १२ च्या किंचित खाली आले, टिप धन बाजूला होती आणि एसीच्या पट्टीवर जवळजवळ शून्य दिसले. यानंतर मीटर मिलीअँपिअरवर नेऊन दोन्ही प्रोब त्याच दोन ठिकाणी टेकवले. प्रवाहाच्या पट्टीवर मीटर स्वतःच तार जोडल्यासारखे वागते, त्यामुळे प्रोब टेकताच अँपच्या पुढच्या बाजूचा लाल दिवा पेटला, ड्राइव्हचा खरखराट स्पीकरमधून आला आणि मीटरवर साधारण ८ मिलीअँपिअर दिसले. प्रोब उचलल्यावर अँप पुन्हा क्लीनवर आला. या एका मोजणीतून तीन गोष्टी कळल्या : हा जॅक टिप-स्लीव्ह जोडणीनेच चालतो, तो लॅचिंग प्रकारचा आहे, आणि त्यातला प्रवाह लहान आहे.

लॅचिंग आणि मोमेंटरी हा फरक इथे फार महत्त्वाचा आहे. लॅचिंगमध्ये जोडणी आहे तोवर एक चॅनेल आणि सुटली की दुसरा, त्यामुळे पॅचमध्ये जे लिहिले तेच अँपवर दिसते. मोमेंटरी अँपला मात्र क्षणभराचा स्पर्श पुरतो आणि प्रत्येक स्पर्शाला तो चॅनेल उलटा करतो. अशा अँपला पॅचवरून चालवले आणि मध्येच कोणी पुढचे बटण दाबले की प्रोसेसरची समजूत आणि अँपची अवस्था यांची फारकत होते. बॉसच्या साध्या फूटस्विचमध्ये एफएस-५एल लॅचिंग आणि एफएस-५यू मोमेंटरी असतो. आपल्या अँपसाठी यांपैकी कोणता सुचवला आहे हे पाहिले तरी उत्तर मिळते. मार्शलच्या जेव्हीएम मालिकेत यातले काहीच लागू पडत नाही, कारण तिचा फूटस्विच केबलवरून डिजिटल माहिती पाठवतो आणि टिप-स्लीव्ह जोडून तिथे काही साधत नाही. त्या अँपला मिडी (वाद्ये आणि उपकरणे यांच्यातल्या डिजिटल संदेशांची पद्धत) इन आहे आणि तोच योग्य रस्ता आहे. मिडीचा संदेश घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या मदतीने संकेत पलीकडे पोचवणारा भाग) असावा, असे त्या मानकातच सांगितलेले असल्यामुळे दोन उपकरणांची ग्राउंड एकमेकांना जोडली जात नाहीत. ज्यांच्या अँपला मिडी आहे त्यांनी माझ्या मते दुसरीकडे वळूच नये.

माझ्या अँपला ती सोय नाही. मोजलेले आकडे पाहता थेट जोडणी कदाचित चाललीही असती, पण ती न करण्याचे कारण वेगळेच, हमचे (स्पीकरमधल्या सततच्या गुणगुणीचे) होते. माझी जोडणी चार केबलची आहे (सेंड म्हणजे आवाज बाहेर पाठवणारा आणि रिटर्न म्हणजे तो परत घेणारा जॅक) : गिटार प्रोसेसरमध्ये, प्रोसेसरचा सेंड अँपच्या इनपुटला, अँपचा सेंड प्रोसेसरच्या रिटर्नला आणि प्रोसेसरचे आउटपुट अँपच्या रिटर्नला. म्हणजे दोन्ही उपकरणांची ग्राउंड आधीच तीन केबलच्या शील्डने (तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टणाने) जोडलेली आहेत. नियंत्रणाची केबल थेट लावली तर आणखी एक वळसा तयार होतो आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे ५० हर्ट्झचे क्षेत्र त्यात हम निर्माण करते. आमची सरावाची खोली शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी आहे. कारखान्यांच्या मोटारी चालू असताना त्या लाइनवर गोंगाट अधिकच जाणवतो, त्यामुळे हा आणखी एक वळसा मला नको होता.

यासाठी रिलेची एक लहान डबी केली. रिलेची कॉइल (तारेचे वेटोळे) प्रोसेसरच्या बाजूला राहते, त्याचे संपर्क अँपच्या बाजूला राहतात आणि दोहोंमध्ये विजेचा कोणताही दुवा नसतो. दुकानात रिले मागितला की आपल्याकडे हमखास शुगर क्यूब (साखरेच्या चौकोनी वडीसारखा दिसणारा रिले) पुढे येतो. मी बारका सिग्नल रिले मागितल्यावर दुकानदारकाकांनी काळजीने सांगितले, ‘‘अहो, हा पंख्याला नाही चालायचा, जळून जाईल.’’ त्यांचे म्हणणे रास्तच होते, पण इथे गरज नेमकी उलटी आहे. १० अँपिअरच्या शुगर क्यूबचे संपर्क मोठ्या प्रवाहासाठी बनवलेले असतात. काही मिलीअँपिअरच्या कामात त्यांच्यावर साचणारा सूक्ष्म थर जळून साफ होत नाही आणि कालांतराने जोडणी दगा देऊ लागते. सिग्नल रिलेच्या संपर्कांवर सोन्याचा मुलामा असतो, म्हणून ८ मिलीअँपिअरसाठी तोच योग्य.

कॉइल ५ व्होल्टची घेतली. पेडलच्या पॉवर सप्लायचे एक आयसोलेटेड (इतरांपासून विलग) ९ व्होल्टचे आउटपुट मोकळे होते, त्यावर ७८०५ हा व्होल्टेज रेग्युलेटर लावून ५ व्होल्ट केले. कॉइलचा सुमारे २८ मिलीअँपिअरचा प्रवाह प्रोसेसरच्या जॅकमधून जाऊ नये यासाठी मध्ये बीसी-५५७ ट्रान्झिस्टर ठेवला. त्याचा एमिटर ५ व्होल्टला, बेस ३.३ किलोओहमच्या रेझिस्टरमधून प्रोसेसरच्या टिपला आणि कलेक्टर कॉइलला जोडला, कॉइलचे दुसरे टोक ग्राउंडला गेले. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये ४७ किलोओहम लावल्यामुळे जॅक मोकळा असताना ट्रान्झिस्टर निश्चित बंद राहतो. या रचनेत प्रोसेसरला फक्त सव्वा मिलीअँपिअरच्या आसपास प्रवाह सोसावा लागतो आणि त्याच्या जॅकवर ५ व्होल्टहून अधिक काही येत नाही. कॉइलला समांतर, कॅथोड कलेक्टरच्या बाजूला येईल अशा रीतीने १एन४१४८ डायोड उलटा लावला आहे. रिले सुटताना कॉइल जो झटका देते तो ट्रान्झिस्टरपर्यंत पोचू नये हे त्याचे काम.

डबीच्या बाबतीत एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. धातूच्या डबीत दोन साधे जॅक बसवले तर दोन्ही स्लीव्ह डबीच्या पत्र्यातून एकमेकांना जोडल्या जातात आणि रिले लावून मिळवलेले सगळे विलगीकरण त्या पत्र्यातच वाया जाते. म्हणून अँपच्या बाजूला प्लॅस्टिकच्या चौकटीचा इन्सुलेटेड जॅक वापरला. झाकण लावल्यावर मीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही स्लीव्ह तपासल्या आणि मीटर वाजला नाही, तेव्हाच डबी अँपला लावली.

रिलेला चेंजओव्हर संपर्क (एक साधारणतः उघडा, एक साधारणतः बंद) असतात, त्यातला कोणता वापरायचा हेही विचारपूर्वक ठरवावे. मी साधारणतः उघडा राहणारा संपर्क घेतला, कारण माझा अँप जोडणी सुटली की क्लीनवर येतो. कार्यक्रमात डबीचा वीजपुरवठा गेला तर अँप अचानक ड्राइव्हवर उसळण्याऐवजी शांत चॅनेलवर राहील. ज्यांच्या अँपचे वागणे उलटे आहे त्यांनी साधारणतः बंद असणारा संपर्क घ्यावा.

निकाल समाधानकारक आहे. डबीची केबल लावली वा काढली तरी हममध्ये मला फरक ऐकू येत नाही. बदलाच्या क्षणी अँपमधून हलका ‘टप्प’ असा आवाज येत होता. अँपच्या रिटर्नकडे जाणाऱ्या आउटपुटची पातळी पॅच बदलताना प्रोसेसरमध्येच अगदी थोडा वेळ शून्यावर नेल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला. रिले काही मिलिसेकंदांतच बदलतो, त्यामुळे वाजवताना खंड जाणवत नाही.

अर्थिंगविषयी मात्र ठामपणे लिहितो. हम घालवण्यासाठी अँपच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची पिन काढण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, आणि तो जिवावर बेतणारा आहे. गिटारच्या तारा केबलच्या शील्डमधून थेट अँपच्या चॅसिसला जोडलेल्या असतात. आत दोष निर्माण होऊन चॅसिसवर २३० व्होल्ट आले, तर अर्थ नसताना ते वादकाच्या बोटांपर्यंत पोचतात. जुन्या घरांत आणि मांडवांत दोन पिनांचे सॉकेट अजून दिसतात, तिथे मी अँप लावत नाही. सॉकेट तीन पिनांचे असले तरी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जवळपास २३० आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये अगदी थोडेच व्होल्ट दिसतात का, हे मीटरवर पाहून मगच जोडणी करतो. व्हॉल्व्ह अँप उघडून आतल्या जॅकवर काम करण्याचा मोहही टाळावा, कारण बंद केल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात. वर लिहिलेले सगळे काम बाहेरच्या जॅकवर होते.

रिलेचा दुसरा संपर्कसंच अजून मोकळा आहे. त्यावर एक दिवा लावून अँप कोणत्या चॅनेलवर आहे हे डबीवरच दिसावे, अशी व्यवस्था आता करायची आहे. दिव्याचा पुरवठा प्रोसेसरच्या बाजूच्या ५ व्होल्टवरूनच घेईन, म्हणजे अँपच्या बाजूची तार आत्ता आहे तशी वेगळीच राहील.