सहावीचे पन्नास गुण

मी सहावीला विज्ञान आणि मराठी शिकवते. शाळा नाशिकमधली, मराठी माध्यमाची, वर्गात पन्नासच्या वर मुलं. मुलांच्या सर्जनशीलतेला वाव कसा द्यायचा, यावरच्या प्रशिक्षणांना मी बऱ्याचदा बसले आहे. तिथे गाणी असतात, टाळ्या असतात, रंगीत कार्डं असतात. परत येऊन बघावं तर पोर्शन जिथे होता तिथेच. ‘करायचंय हो, पण वेळ कुठाय?’ हे स्टाफरूममधलं ठरलेलं वाक्य, आणि ते मीही म्हणत होते.

वाट सापडली ती सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २०१० च्या जीआरमध्ये. सहावीला आकारिक (म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या कामाचे) ५० आणि संकलित (म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे) ५० गुण, हे सगळ्यांना पाठ असतं. आकारिकची साधनं मात्र नीट वाचली जात नाहीत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर. लेखी चाचणी ही त्यातली एक. उरलेले रकाने कसे भरले जातात ते शिक्षकांना सांगायला नको: सत्र संपता संपता, रजिस्टर पुढ्यात घेऊन, चाचणीच्या गुणांवरून अंदाजाने. म्हणजे जागा आधीपासून होती, आम्ही ती आकड्यांनी बुजवत होतो.

मुख्याध्यापकांकडे जाताना ‘नवोपक्रम’ हा शब्द मी मुद्दाम टाळला. एका कागदावर लिहून नेलं: कुठला घटक, कुठलं साधन, किती तास, नोंद कशी ठेवणार. ‘प्रकल्पाचे गुण प्रकल्प करूनच द्यायचे आहेत सर,’ एवढंच म्हटलं. त्याला नाही म्हणणं अवघड असतं. त्यांच्या दोन अटी होत्या. पोर्शन मागे पडायचा नाही, आणि पावसाळ्यात मुलांना गोदाकाठी न्यायचं नाही. दुसरी अट तर मीच घातली असती.

माझी अट पालकांसाठी होती. घरून काही करून आणायचं नाही. शाळेजवळच्या स्टेशनरीत ज्वालामुखीपासून सौरमालेपर्यंत सगळं तयार मिळतं, आणि उरलेलं आई रात्री जागून करते. त्या प्रकल्पांत सर्जनशीलता असते, पण ती दुकानदाराची. आम्ही वर्गात, जोडीने, हाताशी असेल त्याच सामानातून करणार होतो.

प्रश्न साधा होता: गोदावरीला पूर आलाय हे तुमच्या घरी कसं मोजतात? अख्खा वर्ग एका सुरात, ‘दुतोंड्या मारुती!’ नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, रामकुंडाजवळ नदीपात्रात दोन्हीकडे तोंड असलेली मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं यावरून शहर पुराचा अंदाज घेतं. २०१९ च्या पुरात मारुती बुडाला होता, ते मुलांनी घरच्यांच्या मोबाइलवर पाहिलेलं. मी म्हटलं, हे उत्तर झालं. आता मारुती सोडून सांगा.

आणि मी गप्प बसले. हे सगळ्यात जड गेलं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात मांडलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. निदान तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. फळ्यापाशी उभं राहून बघा.

पहिला हात वर आला तो कधीच हात वर न करणाऱ्या मुलीचा. तिच्या आजोबांचं भांडीबाजारात दुकान आहे. पाणी अमुक पायरीला आलं की खालच्या फळीवरचा माल वर, त्याच्या पुढच्या पायरीला आलं की शटर खाली. तिच्या घरी पूर फुटात मोजत नाहीत, आजोबा कुठली भांडी उचलायला लागले त्यावर मोजतात. मग रांगच लागली. कोणी सरकारवाड्याच्या पायऱ्या सांगितल्या, कोणी नारोशंकराच्या देवळाची घंटा, एकाने गटारातून उलटं येणारं पाणी.

मग काम दिलं: स्वतःच्या जागेसाठी स्वतःचं पूरमापक बनवा. एका जोडीचा मुद्दा असा होता, की रात्री पाणी चढून पहाटेपर्यंत उतरलं तर किती चढलं होतं ते कळणार कसं? दुतोंड्या मारुतीचं एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे आणि दुसरं गेलेल्या पाण्याकडे असतं, तसं मापक हवं म्हणे. त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी भोकं पाडली, आत लाकडी पट्टी उभी केली आणि रांगोळी टाकली. रांगोळी तळाशी बसली. पिठाच्या गुठळ्या झाल्या. शेवटी कंपासपेटीतली शार्पनरची सालं चुरून टाकली. बाटली बादलीत बुडवून हळूच वर घेतली, तर पाणी उतरलं आणि चुरा पट्टीला जिथवर पाणी पोचलं होतं तिथेच चिकटून राहिला. नदीच्या पुराची सर्वोच्च पातळी टिपायला जलशास्त्रज्ञ नळीत बुचाचा भुसा टाकतात, ती युक्ती हीच. हे मी त्यांना लगेच सांगितलं नाही. आधी दिवसभर मिरवू दिलं.

दुसऱ्या जोडीला ‘गंगापूर धरणातून हजार क्युसेक विसर्ग’ या बातमीने पछाडलं होतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८,३०० लिटर. दहा हजार लिटरचे टँकर धरले तर दर सेकंदाला जवळजवळ तीन. हा गुणाकार बघून वर्ग ओरडला, आणि शेजारच्या वर्गातून निरोप आला की आवाज कमी करा.

गुण देताना तीनच गोष्टी पाहिल्या: प्रश्न स्वतःचा आहे का, पहिलं फसल्यावर काय बदललं, आणि शेजारच्या जोडीला समजावता आलं का. ‘काय फसलं’ हा रकाना रिकामा असेल तर वही परत. अक्षर आणि सजावट यांना शून्य गुण. पालकसभेत यावरून बरंच ऐकावं लागलं. मुलीचं चित्र इतकं सुबक, तरी गुण कमी का, असं एका आईने विचारलं. तिला वही उघडून दाखवली, पटलं. एक वडील मात्र शेवटपर्यंत ‘शिष्यवृत्तीच्या परीक्षेला यातलं काय येणार?’ यावर अडून राहिले. सरळ उत्तर एकच होतं, हे असंच्या असं येणार नाही. ते मी त्यांना सांगितलं.

मराठीत याचा फायदा आपोआप झाला. आत्मवृत्ताला दरवर्षी येणारं ‘मी नदी बोलतेय’ त्या वर्षी फार थोड्या वह्यांत होतं. भांडीबाजारातली पायरी बोलली, शटर बोललं, एका वहीत चक्क गटार बोललं. तेच सर्वांत चांगलं लिहिलं होतं.

पोर्शन दिवाळीआधी जेमतेम पुरा झाला. उजळणीला तास कमी पडले, आणि ही ओढाताण पुढेही राहील. आता हा वर्ग सातवीत गेलाय. तिथे आकारिक ४०, संकलित ६०. सातवीच्या गणिताच्या सरांनी माझा तो एक पानी कागद मागून नेला आहे. त्यांना क्युसेकवरून घनफळ घ्यायचंय, आणि त्यांच्यासमोर पहिला प्रश्न हा आहे की दहा गुण कमी असताना तितकेच तास मागायचे कसे.