खोटे बोलणारे बटण

गेल्या जुलैमधल्या एका सोमवारी सकाळी पावणेआठला फोन वाजला आणि पलीकडून काकांनी कसलीही प्रस्तावना न करता सांगितले, “काल रात्रभर गीझर चालू होता. आत्ता बाई कामाला आल्या, तेव्हा त्यांना लाल दिवा दिसला.” आवाजात राग नव्हता, पण मी ज्या कामाचे पैसे नुकतेच घेतले होते, त्या कामाबद्दल ते बोलत होते, हे मला लगेच कळले.

काका पुण्यात कर्वेनगरला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. ते जन्मापासून दृष्टिहीन आहेत आणि एका बँकेच्या टेलिफोन बोर्डावर तीसेक वर्षे ऑपरेटर म्हणून काम करून निवृत्त झाले आहेत. मुलगी बंगळूरला असते. वडिलांच्या घरातले दिवे आणि गीझर तिला तिथून पाहता यावेत आणि काकांनाही फोनवरून चालवता यावेत, म्हणून तिने आम्हाला बोलावले होते. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि आमचा वायरमन. आम्ही होम असिस्टंट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरतो, कारण ते घरातल्याच छोट्या संगणकावर चालते, इंटरनेट गेले तरी घर बंद पडत नाही आणि एखाद्या कंपनीने सेवा गुंडाळली म्हणून गिऱ्हाइकाचे दिवे अडत नाहीत. काकांकडचे काम आठ दिवसांपूर्वी पूर्ण झाले होते आणि ते चोख झाले आहे, असे माझे प्रामाणिक मत होते.

मी पोहोचलो, तेव्हा काका न्हाणीघराबाहेरच्या बोर्डापाशी उभे होते. त्यांनी माझा हात धरून गीझरच्या बटणावर ठेवला. “हे वर आहे की नाही? वर म्हणजे बंद. चाळीस वर्षे मी हेच धरून चाललो आहे.” बटण खरोखरच वर होते. प्रकार असा झाला होता. आदल्या संध्याकाळी काका भिजून घरी येणार, म्हणून मुलीने बंगळूरहून फोनवरून गीझर लावून ठेवला. काकांनी अंघोळ केली, बाहेर येऊन बटण चाचपले, ते वर लागले. तेव्हा गीझर मुलीनेच बंद केला असणार, असे समजून ते झोपले. गीझर अर्ध्या तासाने आपोआप बंद करण्याची सूचना मी लिहिली होती खरी, पण ती फक्त पहाटेच्या वेळापत्रकाला जोडलेली होती. हाताने किंवा फोनने अवेळी लावलेल्या गीझरला ती लागूच होत नव्हती, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती.

मात्र बटणाची चूक अधिक खोल होती. भिंतीतल्या बोर्डामागे रिले, म्हणजे यंत्रणेच्या हुकमाने वीज जोडणारा-तोडणारा खटका, बसवताना जवळजवळ सगळेच जण बटण ‘टॉगल’ पद्धतीने जोडतात. म्हणजे बटण वर आहे की खाली, याला काही अर्थ उरत नाही. ते हलले की दिव्याची स्थिती उलटते, एवढेच. जिन्यातल्या दिव्याला वर आणि खाली अशी दोन बटणे असतात, तशीच ही रचना, फक्त दुसरे बटण म्हणजे फोन. डोळस माणसाला यात सोयच सोय आहे, कारण तो बटणाकडे पाहतच नाही, दिव्याकडे पाहतो. काकांच्या लेखी मात्र दिवा चालू असल्याची एकमेव खूण ते बटण होते. मी त्यांच्या घरात स्मार्ट यंत्रणा बसवली आणि त्याच दिवशी त्यांच्या बोटांखालची ती खूण पुसून टाकली. आठ दिवस ते घरातली सगळी बटणे जुन्या विश्वासाने चाचपत होते आणि निम्मी बटणे त्यांच्याशी खोटे बोलत होती.

“पण फोनवर कळते ना, काका?” मी विचारले. त्यांनी फोन काढला आणि पडद्यावरचे वाचून दाखवणारी टॉकबॅक ही सोय चालू ठेवून माझा डॅशबोर्ड उघडला. हा डॅशबोर्ड मी हौसेने केला होता: घराचा आराखडा, त्यावर दिव्यांची चिन्हे, चालू असेल तर पिवळे, बंद असेल तर करडे. त्यासाठी होम असिस्टंटची स्वतःची साधी कार्डे, म्हणजे पडद्यावरचे चौकोन, टाळून मी लोकांनी बनवलेली देखणी कार्डे वापरली होती आणि चिन्हाखालची नावे गर्दी नको म्हणून लपवली होती. काकांनी बोट उजवीकडे सरकवले. फोन म्हणाला, “बटण.” पुन्हा सरकवले. “बटण.” नऊ वेळा “बटण” ऐकल्यावर ते थांबले आणि म्हणाले, “यातला गीझर कुठला, ते तुम्हीच सांगा.” चित्राला शब्दांचा पर्याय हवा, ही डब्ल्यूसीएजी या, संकेतस्थळे अपंगांनाही वापरता यावीत म्हणून केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतली अगदी पहिली अट आहे. ती मला ठाऊक होती. पण ठाऊक असणे आणि नऊ वेळा “बटण” ऐकणे यांत फार अंतर आहे.

या सॉफ्टवेअरच्या इतिहासात ‘सोपे करणे’ ही फार मोठी खटपट आहे. पॉलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये पायथन या संगणकाच्या भाषेत होम असिस्टंटचा हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा दिवा जोडायचा तर फाइल उघडून ओळी लिहाव्या लागत. मीही त्याच यॅमल नावाच्या पद्धतीने लिहिलेल्या फाइलींवर शिकलो, जिथे टॅब चालत नाही आणि एक मोकळी जागा कमी पडली तरी सगळे अडते. पुढे ही कामे हळूहळू पडद्यावर आली. २०२० च्या डिसेंबरमध्ये ब्लूप्रिंट आल्या, म्हणजे एकाने रचलेले स्वयंचलन दुसऱ्याला नुसत्या रकान्यांत नावे भरून वापरता येऊ लागले. २०२३ हे वर्ष प्रकल्पाने आवाजावरच्या, म्हणजे बोलून घर चालवण्याच्या, कामासाठी ठेवले. हे सगळे चांगलेच झाले. तरी माझ्यासारख्या बसवणाऱ्यांनी ‘सोपे’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘फाइल नको, पडदा हवा’ इतकाच घेतला, आणि काकांच्या घरी पडद्याचा उपयोग शून्य होता.

मी तोडगा सुचवला, की बटण ‘टॉगल’वरून ‘फॉलो’वर आणू, म्हणजे खाली केले की चालू, वर केले की बंद, पूर्वीसारखे. बदल दोन ओळींचा होता. काकांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे मुलीने तिकडून दिवा बंद केला, तरी माझे बटण खालीच राहणार. मग ते पुन्हा खोटेच बोलणार की नाही?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. वायरमनने स्टुलावरून माझ्याकडे असे पाहिले, की आजचा दिवस इथेच जाणार हे त्याला कळून चुकले होते.

शेवटी आम्ही घरातल्या गोष्टींचे दोन भाग केले. गीझरच्या वाटेतला रिले काढूनच टाकला. दोन किलोवॅटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर वीज ओढतो. त्याचे जाड बटण पूर्वीसारखे हातानेच चालेल आणि यंत्रणा फक्त लक्ष ठेवेल, असे ठरले. त्यासाठी मी आधी वीज मोजणारे छोटे मीटर जोडले आणि फसलो. पंधरा-वीस मिनिटांनी गीझरमधून “टक्” असा आवाज आला, काकांनी बटण चाचपले आणि म्हणाले, “बटण खाली आहे आणि तुमचा फोन ‘बंद’ म्हणतोय.” पाणी तापल्यावर थर्मोस्टॅटने वीज तोडली होती. मीटरच्या दृष्टीने गीझर बंद, पण प्रत्यक्षात तो पाणी निवण्याची वाट पाहत चालूच. तो “टक्” मला ऐकूही आला नव्हता. मग मीटर काढून बटणाच्या पुढच्या तारेत वीज आहे की नाही, एवढेच ओळखणारे ऑप्टोकपलरचे मॉड्यूल बसवले आणि पाऊण तासाहून अधिक वेळ बटण खाली राहिले, तर काकांना आणि मुलीला सूचना जाईल, असे लिहिले. मुलीला आता बंगळूरहून गीझर लावता येत नाही. तिने फोनवर थोडी कुरकूर केली, पण काकांनी तो विषय एका वाक्यात संपवला: “मला लावता येतो, बाळा.”

दिव्यांचा प्रश्न अधिक रंजक होता. तिथे आम्ही वर-खाली होणारी बटणे काढून घंटीला असतात तसे बेल पुश बसवले. दाबून सोडले की ते जागेवर येतात. त्यांना वर-खाली ही स्थितीच नसल्यामुळे ते खोटे बोलू शकत नाहीत. पण मग खरे कोण सांगणार? माझ्या मनात स्पीकरवरून मराठीत “बाहेरच्या खोलीतला दिवा चालू आहे” असे बोलून घेण्याचे होते. काकांनी ते हसण्यावारी नेले. “अहो, प्रत्येक वेळी एवढे वाक्य ऐकत बसू? बँकेत टेलिफोन बोर्डावर आम्हाला कोणी वाक्ये सांगत नव्हते. डायल टोन, रिंग टोन, एंगेज टोन, संपले. टोन द्या.”

बोर्डामागे रिले चालवणारी ईएसपी ३२ ही छोटी चिप होती, तिच्यावर एक पिन मोकळी होती. दुपारी वायरमन जाऊन प्रत्येक बोर्डासाठी एक असे बझर घेऊन आला. या चिप ज्या ईएसपीहोम या मुक्त स्रोत प्रणालीवर चालतात, तिच्यात बझरवर सूर वाजवण्याची सोय आधीपासून आहे आणि त्यासाठी नोकियाच्या जुन्या फोनांतल्या रिंगटोनची आरटीटीटीएल ही लिहिण्याची पद्धत वापरली जाते. हे सांगितल्यावर काका फार खूश झाले. मी सूर वाजवत गेलो आणि ते नापसंत करत गेले: हा फार लांब, हा प्रेशर कुकरसारखा, हा शेजाऱ्यांच्या दारावरच्या घंटीसारखा. अखेर ठरले, की एक छोटा उंच सूर म्हणजे चालू आणि दोन खालचे सूर म्हणजे बंद. फोनवरून किंवा वेळापत्रकाने दिवा बदलला, तरी सूर वाजतोच, आणि तो त्या-त्या बोर्डातूनच येत असल्यामुळे कोणता दिवा, हे नुसत्या दिशेने कळते. स्पीकरच्या वाक्याला हे साधले नसते.

बटण एक सेकंदापेक्षा जास्त दाबून धरले, तर दिवा न बदलता त्याची सध्याची स्थिती सुरात सांगायची, ही कल्पनाही काकांचीच. पाहुणे येऊन गेल्यावर मागे कुठला दिवा राहिला, हे त्यांना इतकी वर्षे कोणी सांगेपर्यंत कळत नसे आणि बिल आल्यावर चुटपूट लागे.

फोनवरचा आराखडा मी तिथेच पुसला आणि होम असिस्टंटची साधी कार्डे एकाखाली एक लावली. नावेही बदलली. मी सवयीने ‘एलआर ट्यूब १’ अशी नावे दिली होती आणि टॉकबॅकच्या तोंडी ती अगम्य होत. काकांनी घरातली नावे सांगितली: बाहेरची खोली, मधली खोली, देवघर, मोरी, गॅलरी. गीझरला सगळ्यांत वरची जागा मिळाली.

संध्याकाळी साडेसहाला आम्ही सामान आवरले. वायरमन बोर्डाच्या प्लेटला पाडलेल्या भोकांवरून ओला कपडा फिरवत होता. काका एकेका बोर्डापाशी जाऊन बटण दाबून धरत होते: देवघर, दोन खालचे सूर, मधली खोली, दोन खालचे सूर. मी दाराशी चपला घालत असताना पॅसेजमधून एक उंच सूर आला.

“पॅसेजचा तुम्ही राहू दिलात,” काका म्हणाले आणि त्यांनी तो बंद केला.