पवनीचे बोळ : परकोट ते घाट, आतापर्यंतचं काम

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत परकोट आणि नदी यांच्या मधल्या जुन्या वस्तीचा, बोळ मोजून आम्ही करत असलेला नकाशा आता जुळत आला आहे. तीन बाजूंनी मातीचा परकोट नि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा, अशी पवनीची बसकण. मोठ्या रस्त्याकडून बोळांत शिरलं तर काहीच उमगत नाही. घाटापासून वर चढत या. पावसाचं पाणी ज्या वाटेने नदीकडे उतरतं, ती वाट बहुधा जुनी असते. नव्या गल्ल्या तिला आडव्या कापतात.

मोबाईलच्या जीपीएसवर विसंबू नका. दोन माड्यांमधून आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते, संकेत भिंतींवर आदळून येतो आणि बिंदू सहज पाच-दहा मीटर सरकतो. होकायंत्र टिनाच्या छपराजवळ किंवा लोखंडी गजांजवळ भरकटतं. म्हणून 30 मीटरचा फायबर टेप बरा. प्रत्येक वळणावर मागचा बिंदू, पुढचा बिंदू आणि एखाद्या ओट्याचा कोपरा असा त्रिकोण घेऊन तिन्ही बाजू मोजायच्या. फेरी निघाल्या ठिकाणी आणून मिटवायची. सुरुवात आणि शेवट यांत 100 मीटरमागे एक मीटरहून जास्त फरक पडला तर ती फेरी रद्द. चूक बहुतेकदा टेपच्या झोलाची किंवा उताराची असते. घाटाकडे टेप जमिनीला टेकवून मोजलं की अंतर वाढतं. तिथे टेप आडवा धरून, ओळंबा सोडून, पाच-पाच मीटरचे टप्पे घ्या.

विटांचं काम सगळ्यात रंगतं, आणि घोळही तिथेच होतो. 40 सेंमीच्या आसपास लांब, सात-आठ सेंमी जाड अशी वीट दिसली की ती प्राचीन काळाची असण्याची शक्यता मोठी. तीन-चार सेंमी जाडीची पातळ वीट बरीच नंतरची. पण विटेचं वय म्हणजे भिंतीचं वय नव्हे. जुन्या विटा उकरून नव्या घरात लावण्याची रीत सगळीकडेच होती. एकाच भिंतीत दोन मापं, अर्ध्या तुटलेल्या विटा, सांध्यात वेगळा चुना किंवा माती दिसली की ‘पुनर्वापर’ असं लिहा. एकेका भिंतीतल्या निदान दहा अखंड विटा मोजून सरासरी घ्यायची. झिजलेल्या कडा सोडायच्या.

दगडांच्या बाबतीत इथे फार जपावं लागतं. बालसमुद्र तलावाजवळच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं. तिथे स्तूप निघाला, ब्राह्मी लेखांचे कठड्याचे खांब निघाले, बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्प मिळालं. अशा गावात पायरीला लावलेला कोरीव दगडही साधा समजू नये. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, तेल काहीही लावायचं नाही. तेल दगडात मुरतं, खडू खाचेत बसतो. सकाळचं तिरपं ऊन किंवा बाजूने जवळजवळ दगडाला टेकवून धरलेला टॉर्च पुरतो. चारही बाजूंनी उजेड बदलत फोटो घ्या. शेजारी 10 सेंमीची पट्टी ठेवा. वाइड लेन्स नको, कडा वाकतात.

नाणं, खापर सापडलं तर उचलून घरी न्यायचं नाही. जागेवरच फोटो घ्या, नेमकं ठिकाण टिपा. नाण्यासाठी 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.

परकोटावर पावसाळ्यात रान माजतं, उताराची रेघ दिसत नाही. होळीनंतर जा, पण दुपारी नको. घाटाची मोजणीही उन्हाळ्यातलीच. गोसीखुर्द धरण वरच्या अंगाला आहे, त्याचे 33 दरवाजे आहेत. विसर्ग वाढला की खालच्या पायऱ्या लवकर बुडतात.

वाड्याच्या आवारात शिरण्याआधी ओट्यावरच्या काकाजींना विचारा, टेप दाखवा. मागच्या परसातून निघणारा बोळ कागदावर बहुधा नसतो. तो घरच्यांनाच ठाऊक असतो.

राहिलंय ते खंदकाकडचं टोक. भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाच्या नकाशाची नक्कल मिळाली की आमच्या फेऱ्या तिच्यावर बसवून पाहू. ज्यांच्याकडे पवनीचे जुने घरपट्टीचे कागद आहेत, त्यांनी चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारही बाजूंना काय आहे, तेवढ्या उतरवून द्याव्यात. मालकांची नावं नकोत.