अंकलीचे घोडे आणि शिकोकूची काठी

माउलींच्या पालखीसाठी आमच्या चिक्कोडी भागातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी आळंदीला चालत जातात. लहानपणी आजीबरोबर रस्त्याकडेला ताकाची कळशी घेऊन उभा राहायचो. त्यामुळे लांब चालणं म्हटलं की मला आधी ताक आठवतं!

अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल जवळपास 3,500 किलोमीटर, जॉर्जियातून मेनपर्यंत, झाडांवरचे वाट दाखवणारे पांढरे पट्टे बघत. जबरदस्त, पण मन रमलं ते जपानच्या शिकोकू बेटावर. 88 देवळांची पायी यात्रा, साधारण 1,200 किलोमीटर. यात्रेकरूंच्या अंगात पांढरा सदरा, हातात काठी. काठी म्हणजे साक्षात जपानी बौद्ध संत कोबो दाइशी, सोबत चालणारे. म्हणून मुक्कामाला पोचलं की आधी काठीचं टोक धुवायचं. पुलावर काठी टेकायची नाही, कारण दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते. आजही असतील तर झोपमोड नको. वाटेवरची माणसं यात्रेकरूंना खायला देतात, त्याला ओसेत्ताई म्हणतात.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "ताक देतात काय रे तिथं?"

बहुतेक संत्री देतात.