पार्किंगमधले सॉकेट आणि कारखान्यातली सूचनापेटी

इलेक्ट्रिक गाडी कोण घेतो आणि कोण घेत नाही, याची चर्चा बहुधा किंमत आणि रेंज (एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावते) यांपाशीच थांबते. किमतीचा हिशेब पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही, कारण १ ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि राज्याच्या २०२१ च्या धोरणाने रस्ता करही माफ केला. रेंजचे म्हणाल, तर जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटांच्या नेक्सॉन ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती. एसी, हायवेचा वेग आणि खंबाटकीचा चढ धरला तर ती बरीच घटते, त्यामुळे पुण्याहून कोल्हापूरला जाताना वाटेत चार्जिंग धरूनच निघावे लागते. कोथरूड ते चाकण या रोजच्या जाण्यायेण्याला मात्र ती पुरून उरते.

खरे घोडे अडते ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये. आमच्या इमारतीतील एका शेजाऱ्यांनी स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या खर्चाने, १५ अँपिअरचे सॉकेट खाली घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा कमिटीचा पहिला प्रश्न होता, "उद्या आग लागली तर जबाबदार कोण?" त्यावर "अहो काका, गिझरइतकाच लोड आहे," हे उत्तर बरोबर असूनही पुरले नाही. सॉकेट बसल्यावर, रात्रभर लावलेली गाडी सकाळी भरलेली दिसू लागली आणि पुढचे अर्ज फारशा चर्चेविना मंजूर झाले. नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याचा अभ्यास करणारे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्येच मांडले होते की नवी गोष्ट छोट्या प्रमाणावर करून पाहता येणे आणि तिचा परिणाम इतरांना दिसणे, यांवर तिचा स्वीकार बराच अवलंबून असतो.

चाकणला आमच्या कारखान्यात मला हेच दिसते. एका ऑपरेटरने सुचवले की फिक्स्चरवर, म्हणजे पार्ट जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनावर, एक छोटी पिन बसवली तर पार्ट उलटा बसूच शकणार नाही. सूचना उत्तम होती, पण ट्रायलसाठी लाइन थांबवली तर बुडालेले उत्पादन कोणत्या शिफ्टच्या खात्यावर टाकायचे, हे कोणीच ठरवले नव्हते. "आधी आजचं प्रॉडक्शन दे, मग बघू," असे सुपरवायझर म्हणाले, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. उत्कृष्ट सूचनेला कुकर आणि फलकावर फोटो देण्याची आपल्याकडे मोठी हौस असते. मला अशा बक्षिसांचा उपयोग कमी वाटतो. ट्रायलचा तोटा विभागप्रमुखाच्या खात्यावर जाईल, एवढे ठरले तरी बरेच काम होते.

तरीही एक फरक उरतो. गाडीवाल्याची पेट्रोलची बचत त्याच्याच खिशात राहते, तर कामगाराने वाचवलेला वेळ अनेकदा वाढीव टार्गेट होऊन त्याच्याच डोक्यावर बसतो. आमच्याकडे एका लाइनवर असे झाल्यानंतर तिथून सूचना येणेच बंद झाले होते. सुधारणेनंतर वर्षभर टार्गेट वाढवायचे नाही, असे लेखी ठरले, तेव्हा कुठे त्या पुन्हा येऊ लागल्या.