दीड वाजता नव्हे, दीड मीटर!

भाचा अकरावीला आहे, सायन्सला. रविवारी सकाळी कंपोझिट फंक्शनचं पान उघडून बसला होता, म्हणजे एका फंक्शनचं उत्तर दुसऱ्या फंक्शनमध्ये घालायचं. समीकरण दिलं की हा भराभर किंमती घालतो. इथे नुसते दोन आलेख आणि प्रश्न, जी ऑफ एफ ऑफ २ किती? "मामा, सूत्रच दिलेलं नाहीये."

मी कालनिर्णयचं जुनं पान उलटं केलं. त्या रविवारी चतुर्थी होती. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पाणी भरणार. एफ काढला: आडव्या अक्षावर घड्याळ, उभ्यावर जेटीपाशी पाणी किती मीटर. ९ वाजता सुकती (ओहोटी), ०.५, १२ ला १.५, ३ ला २.५. मग जी: आडव्या अक्षावर पाणी, उभ्यावर जेटीच्या कोरड्या पायऱ्या किती. ०.५ ला १२, १.५ ला ७, २.५ ला २. पायरी २० सेंटिमीटरची धरली. (आकडे अंदाजाचे, पण दाभोळच्या खाडीत खपतील. आणि जीची रेघ खरं तर सरळ नको, टप्प्याटप्प्याने उतरायला हवी. अर्धी पायरी कोण मोजतो?)

"जी ऑफ एफ ऑफ १२ सांग."

बोट १२ वर, तिथून वर वक्रापर्यंत, मग डावीकडे. १.५. शाबास. पण मग पठ्ठ्याने त्याच आलेखावर दीड वाजता बोट ठेवलं आणि म्हणाला, "२.२!"

"अरे, दीड वाजता नव्हे, दीड मीटर!"

चूक त्याची एकट्याची नाही. पुस्तकात दोन्ही आलेखांवर नुसतं एक्स आणि वाय, कित्येकदा दोन्ही वक्र एकाच चौकटीत. उभ्या अक्षावरून उचललेला आकडा दुसऱ्या वक्राच्या आडव्या अक्षावर नेऊन ठेवायचा, हे तिथे दिसतच नाही. मीटर लिहिले की दिसतं: मीटर घड्याळात जात नाहीत.

मग त्याने दुसऱ्या आलेखावर दीड मीटर शोधले. सात.

"आणि उलटं केलं तर? एफ ऑफ जी ऑफ १२?"

"आधी जीमध्ये १२ घालायचे. बारा मीटर पाणी." त्याने देवळाच्या कळसाकडे बघितलं आणि हसला.

बाराला दोघे जेटीवर गेलो. मी सात मोजल्या, त्याने सहा. सातवीवर शेवाळ होतं. ती कोरडी की ओली, यावर जेवायला बसेपर्यंत वाद चालला.