व्हीएनजी तपासणी: काजळ पुसा, गोळ्यांची यादी न्या

इंदूरला चकरेसाठी व्हीएनजी, म्हणजे गॉगलमधल्या कॅमेऱ्यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपणारी तपासणी, करून घेतली. खरी तयारी दोन दिवस आधीच लागते. बीटाहिस्टिन, सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन या चकरेवरच्या गोळ्या साधारण 48 तास बंद ठेवायला सांगतात, कारण डोळ्यांचे जे झटके त्या दाबतात तेच इथे पाहायचे असतात. फिटच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. त्यातल्या फेनिटॉइननं स्वतःच डोळे झटके देऊ शकतात, म्हणून यादी सोबत न्यायची. सकाळी पोहे-जिलेबीवर ताव मारून गेलात तर पुढे पस्तावाल.

गॉगलमधले कॅमेरे इन्फ्रारेड उजेडात सगळ्यात काळा ठिपका शोधतात आणि त्याला बाहुली समजतात. काजळ राहिलं की कॅमेरा पापणीच्या कडेलाच बाहुली मानतो अन् आलेख उड्या मारतो.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे डोळा किती फिरला हे मोजायचं माप यंत्राला लावून देणं. ठिपक्यामागे फक्त डोळे न्यायचे. माझी मान वळली आणि ते पुन्हा करावं लागलं. मान वळली की डोळा कमी फिरतो, पण यंत्र तेवढ्यालाच पूर्ण अंतर धरतं. पुढचे सगळे वेग मग फुगून येतात.

यानंतर गॉगल झाकून अंधार करतात. कानाच्या बिघाडातला निस्टॅग्मस (डोळ्यांचे हे झटके) नजर एका जागी खिळली की दबतो, अंधारात उघडा पडतो. मेंदूकडून आलेला सहसा असा दबत नाही.

सगळ्यात नकोशी ती कॅलरिक चाचणी. उताणं झोपवून डोकं 30 अंश उचलतात, म्हणजे कानातली तोल सांभाळणारी आडवी नलिका उभी होते. मग एकेका कानात अर्धा-पाऊण मिनिट पाणी: 30 अंश सेल्सिअस, नंतर 44. तापमानातल्या फरकानं नलिकेतला द्रव हलतो. थंड पाण्यानं झटका विरुद्ध कानाकडे, गरम पाण्यानं त्याच कानाकडे. याचा उलगडा करणाऱ्या रॉबर्ट बारानींना 1914चं नोबेल मिळालं. दोन पाण्यांमध्ये पाचेक मिनिटं थांबतात. गुंगी आली तर झटके मंदावतात, म्हणून टेक्निशियन बोलतं ठेवतो. "मुंबईच्या गाडीची स्टेशनं सांगा!" देवास, उज्जैन, नागदा, रतलाम... भोवंड आलेली असताना नागदा आठवणं सोपं नाही.

मोजतात तो झटका नव्हे, त्याआधीची डोळ्याची संथ सरक. माझे वेग, अंश दर सेकंदाला: उजवा कान 12 आणि 10, डावा 24 आणि 22. बेरजा 22 आणि 46. फरक 24 भागिले एकूण 68, म्हणजे उजवा 35 टक्के कमजोर. बऱ्याच ठिकाणी 25च्या वर गेलं की दोष धरतात.

पण कानात मळ असला तरी असाच आकडा येतो, पाणी आत पोचतच नाही. तेव्हा कान आधी तपासून घ्या. पडद्याला भोक असेल तर पाणी घालू देऊ नका. परत येताना स्कूटर दुसऱ्याच्या हातात द्या.